डाळ कुणाच्या घरची

सावळेवाडी, ता. लोहा
४ मार्च २०२४

मनिषा,

जय भीम. रामकिशनच्या टेम्पोतून मोकळा डबा आला. मोकळा म्हणजे अगदीच मोकळा न्हाई, बुडाशी मूठभर डाळ घालून पाठवलीस, ते बरं केलंस. कुणाचं भांडं मोकळं परत करायचं न्हाई हे तू या घरात आल्यावर मीच तुला शिकवलं. पण मूठ कशाची घालायलो याचं ध्यान तुला राहिलं न्हाई.

मी ती मूठ ताटात वतून बघितली. तुरीचीच हाय, पण माझी न्हाई. माझी डाळ मळकी असते. कुठं साल चिकटलेलं, एक दाणा बारीक, एक जाडा. ही पिवळी धमक, हळद लावून बसल्यासारखी, आन निम्मी तुकडा. ही मिलची डाळ हाय. मागच्या साली मी दोन डबे डाळ दिली होती. तूर भिजवली, वाळवली, जात्यावर भरडली, पाखडली. माझ्या खांद्याला अजून ते जातं आठवायलंय. ती डाळ कुठं गेली? आन मिलची डाळ तुझ्या घरात कामून आली?

आता दुसरं. विन्या कुठं कामाला हाय? डाळ मिलमधी. मला काय शक यायलाय ते लिहिणार न्हवते, पण लिहिते. तो खिशात, डब्यात, धोतराच्या... आता पँट घालतो, तर पँटीच्या खिशात डाळ आणत असंल तर आजच बंद कर. त्याच्या बापानं जन्मभर दुसऱ्याच्या वावरातलं कणीस मोडलं न्हाई. पोराला धरलं तर नोकरी जाईल आन पेपरात नाव येईल.

फोन करू नको. मला कमी ऐकू येतंय, तू तिकडून वरडशील आन ते शेजारच्या सरजाबाईच्या ओसरीपर्यंत जाईल. प्रौढ वर्गात लिहायला शिकले ते कशाला? कागदावर लिही.

यंदाची डाळ झाली. दोन डबे. ज्वारीचं पोतं आन एक डबा पाठवायले. दुसरा डबा मी ठेवून घेतलाय. तुझं उत्तर आलं की बघू.

पारूबाई


लातूर
११ मार्च २०२४

ती. आत्याबाई यांना,

सप्रेम जय भीम. ज्वारी आणि डबा मिळाला. ज्वारी छान आहे, विशाखा म्हणाली भाकरीला आजीच्या घरचा वास येतोय.

आत्याबाई, तुम्ही काय लिहिलंत? ह्यांच्या हातात ते पत्र पडलं असतं तर दोन दिवस जेवले नसते. मी दाखवलं नाही. मिलच्या फाटकावर सुटताना प्रत्येकाचा डबा उघडून बघतात, खिसे चाचपतात. तिथून दाणासुद्धा बाहेर येत नाही. तुमचा मुलगा तसा नाही हे तुम्हाला मी सांगायला पाहिजे का?

ती मूठ शेजारच्या शिवानीच्या आईची. तिनं वाटीभर डाळ उसनी नेली होती, परत करताना दुकानातली आणून दिली. रामकिशनभाऊ टेम्पो चालू ठेवून हॉर्न वाजवत होते, घाईत तीच डब्यात गेली. एवढंच.

ह्यांचं काम चांगलं चाललंय. फिकीर करू नका. दुसरा डबा पाठवा. आणि जमलं तर यंदा तिसराही करा. विशाखा दहावीला जातेय, तिची भूक वाढलीय.

तुमची,
मनिषा


सावळेवाडी
१९ मार्च २०२४

मनिषा,

तुझं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा खरं वाटलं, म्हणून दुसऱ्यांदा वाचलं.

उसनी डाळ वाटीभर असते. वाटीभर आली, तर ती तुझ्या डब्यात माझ्या डाळीत मिसळली असती आन माझ्या हाती सरमिसळ मूठ आली असती. आली ती निखळ मिलची. म्हणजे डब्यात माझी डाळ नव्हतीच. घाईत माणसाचा हात जे समोर असतं त्यातच जातो. तुझ्या समोर मिलची होती.

विन्याचं म्हणशील तर तुझं पटलं. खिसे चाचपतात तर ठीक. पण तू जितक्या झटक्यात फाटकाचं सांगितलंस तितक्या झटक्यात 'काम चांगलं चाललंय' लिहिलंस. न विचारता लिहिलंस. मी कामाचं विचारलंच नव्हतं.

आन दहावीतली पोरगी तीन डबे डाळ खाती? पोरगी हाय का म्हैस? आकरा महिने पुरणारी डाळ मी दिली. घरात माणसं तीन. तिसरा डबा कुणाच्या घरी चाललाय?

रेणापूर तुझ्यापासून एष्टीनं अर्ध्या तासावर. तुझा भाऊ आनंदराजनं मागच्या उन्हाळ्यात पोरीचं लग्न केलं. मी पंगतीत बसले होते. पहिल्याच घासाला मला वाटलं होतं, या वरणाची चव वळखीची हाय. तेव्हा गप बसले, पाहुण्यात तोंड कुठं उघडायचं. आता उघडते. माहेराला द्यायचं असंल तर सांगून दे. मी न्हाई म्हणणारी न्हाई. पण माझ्या सुनेनं माझ्याच डाळीची माझ्याच समोर पंगत वाढावी आन मला 'आत्या, वाढू का अजून' विचारावं, हे मला चालणार न्हाई.

दुसरा डबा खाटंखाली हाय. त्याच्यावर मी झोपायले.

पारूबाई


लातूर
२७ मार्च २०२४

ती. आत्याबाई,

जय भीम. माहेरावर आलात म्हणून आता सगळं लिहिते. माझ्या भावाच्या पंगतीतली डाळ त्यानं स्वतः मोंढ्यातून आणली होती, आडत्याचं नाव हवं असेल तर कळवते. तुम्ही त्या दिवशी तीनदा वरण घेतलं. चव वळखीची म्हणून घेतलं की आवडलं म्हणून, ते तुम्हीच जाणा.

दिवाळीपासून मिल आठवड्याचे तीनच दिवस चालते. बाकीचे दिवस हे घरी असतात नाहीतर गंजगोलाईच्या बाजारात कुणाचं ओझं उतरवायला जातात. तुम्हाला कळवायचं नाही अशी त्यांनी शपथ घातली होती. ती आज मोडली.

तेव्हापासून तुमची डाळ आम्ही खाल्ली नाही हे खरं आहे. आमच्या गल्लीच्या तोंडाला रत्नम्माचं किराणा दुकान आहे. दिवाळीनंतर एकदा मी तेल आणायला गेले आणि तेवढे पैसे नव्हते. पिशवीत तुमची डाळ होती, शिवानीच्या आईला दाखवायला घेतलेली. रत्नम्मांनी चिमूट उचलली, वास घेतला, दाताखाली फोडली. म्हणाल्या, "ही घरची हाय. आमच्या ह्यांना पॉलिशची डाळ बाधते. आहे का अजून?" त्या दिवसापासून असं चाललंय. तुमचा एक डबा दिला की त्या दोन डबे तुकडा डाळ देतात आणि वरून तेल, साखर, चहापत्ती, धुण्याचा साबण. तुकडा शिजवला की वरण तेच होतं. मागचा उरलेला आणि यंदाचा, अशा दोन डब्यांवर आमचे हे महिने निघाले. चोरी नाही, उधारी नाही, दुकानाच्या वहीत आपलं नाव नाही.

तुम्ही म्हणाल, माझ्या हातची डाळ विकली. विकली. विशाखाची शिकवणी बंद करण्यापेक्षा मला ते सोपं वाटलं.

म्हणून तिसरा डबा मागितला.

मनिषा


सावळेवाडी
५ एप्रिल २०२४

मनिषा,

हे आधीच लिहिलं असतंस तर माझे दोन कागद वाचले असते. विन्याला सांग, आईपासून लपवायला तो काय कलेक्टर हाय का. मिल बंद पडती, चालू होती. त्यात लाजायचं काय? लाज वाटत असंल तर गंजगोलाईत रिकामा उभा राहू नको म्हणावं, इकडं येऊन जातं वढ.

तीनदा वरण मी घेतलं न्हाई. दोनदा.

आता तुझ्या हुशारीचं. तू फसलीस. एका डब्याला दोन डबे तुकडा! तुकडा म्हणजे चाळणीखाली पडलेला माल. मिलवाले तो कुणीबी घ्यावा म्हणून वाट बघत असतात. तू तो भरभरून घरी आणलास आन वर खुश झालीस. तेल वरून दिलं म्हणतेस, मापाचं दिलं का डोळ्यानं दिलं? तिनं तुझी गरज बघितली आन भाव काढला. पुढच्या बारीला तुकडा दीड डबा घे पण तेल पुरं मागून घे. साबण घेऊ नको, तो मी रिठ्याचा देते.

आन एक सांग. दुकानवाली तोट्यात धंदा करती का? नवऱ्याला बाधती म्हणून एक माणूस दोन डबे डाळ खात न्हाई. ती पुढं इकायली. कुणाला? काय सांगून? तुला हे कोडं कधी पडलं न्हाई?

दुसरा डबा खाटंखालून काढला, पाठवायले. सरजाबाईची तूर पडून होती, ती घेऊन तिसरा करायले. सरजाबाईला सांगितलं, लातूरला माझ्या डाळीला मागणी हाय. ती म्हणली, "पारू, तुझ्या डाळीला लातूर कामून लागतंय, तुझ्या तोंडाला तर लोह्यापर्यंत मागणी हाय." तिला काय कळतंय.

डाळ झाली की मी एकदा येऊन ते दुकान बघणार हाय.

पारूबाई


लातूर
२२ मे २०२४

ती. आत्याबाई,

जय भीम. उशीर झाला, रागावू नका. दोन्ही डबे मिळाले, दोन्ही दिले. तुम्ही सांगितलं तसं तुकडा दीड घेतला आणि तेल मापून घेतलं. रत्नम्मा हसल्या, म्हणाल्या, "कुणी शिकवलं गं तुला?" मी तेल उचललं.

पावसाळ्याचं भरून झालं. तेल, साखर, गूळ, चहापत्ती आहे. मिरच्या वाळवून ठेवल्या. ह्यांनी स्वतः पत्र्याच्या डब्यांना खाली विटा लावल्या, ओल लागू नये म्हणून. इतकं भरलेलं घर लग्नानंतर पहिल्यांदा बघतेय.

तुमचं बरोबर होतं, त्या पुढं विकतात. तीन घरं ठरलेली आहेत, एक निवृत्त मास्तरांचं, दोन डॉक्टरच्या गल्लीतली. काय सांगून विकतात विचारलंत. गावाकडची, घरची डाळ म्हणून. दुसरं काय सांगणार.

तुम्ही इतक्यात येऊ नका. ऊन फार आहे आणि नळाला पाणी नाही. आपण दिवाळीला बघू.

मनिषा


सावळेवाडी
१४ जून २०२४

मनिषा,

ऊन हाय, पाणी न्हाई, आन मग दिवाळी. मी एकदा यायचं म्हणलं आन तू एका कागदात तीन कारणं सांगून बसवलंस. मला वाटलंच होतं की काही हाय. काय ते काल कळलं.

शेषेराव डोळे दाखवायला लातूरला गेला होता. आपल्या शेजारचा शेषेराव, तुला मालूम हाय, त्याच्या पोटात पाणी थांबत न्हाई. त्याच्याकडं मी विशाखासाठी कुरडया दिल्या होत्या. तुझं घर सापडंना म्हणून त्यानं कोपऱ्यावरच्या दुकानात विचारलं. दुकानवाली म्हणली, "लोह्याकडचे का? सावळेवाडीचे? मग तुमच्या पाटलांना सांगा, आमच्याकडं तुमच्या घरची डाळ लई नावाजली. मनिषा आणून देती."

शेषेराव घरी येईस्तोवर थांबला न्हाई. उतरल्या उतरल्या फाट्यावर सगळ्यांसमोर वरडला, "पारू, तुझी डाळ पाटलीण झाली की गं!" हसून हसून त्याच्या नव्या चष्म्यातून पाणी आलं. तिथं पाटलाची सून उभी होती. ती म्हणली, "आमच्या घरची डाळ? आमच्याकडं तर जातंच न्हाई. आम्ही पाकिटाची आणतो."

आता तू वाच. ही तूर ज्या वावरातली, ते मी आन विन्याच्या बापानं, केरबानं, दगड येचून केलं. मी पोर होते तवा आईसंगं पाटलाच्या घरी धान्य निवडायला जात होते. आम्ही ओसरीच्या खाली बसायचो. निवडून झालं की सूप खाली ठेवायचं, आतली बाई पाणी शिंपडून उचलायची आन आत नेऊन कणगीत वतायची. कणगीपर्यंत आम्ही कधी गेलो न्हाई. आता माझ्या घरात, माझ्या हातानं भरलेला डबा तू नेऊन त्या कणगीत वतलास. कुणी मागितलं न्हाई, कुणी दम दिला न्हाई. तुझ्या तुझ्या मनानं.

मी चोरीचा शक घेतला, माहेराचा घेतला. हा घ्यायचं माझ्या डोक्यात आलं न्हाई.

एक दाणा येणार न्हाई आता. कामून केलंस ते लिही.

पारूबाई


लातूर
२३ जून २०२४

आत्याबाई,

कुणी मागितलं नाही हे खरं आहे. त्या दिवशी रत्नम्मांनी डाळ चावून विचारलं, "कुणाच्या घरची?" एवढंच. चांगल्या आवाजात. मागं मास्तरांच्या बाई उभ्या होत्या. आणि माझं तोंड उघडलं, "आमच्या गावच्या पाटलांकडची." मला ठरवायला वेळच लागला नाही. मी बारावी शिकलेली, भाषणात बक्षीस घेतलेली. घरी आले तेव्हा हातात तेल होतं.

मी कोण आहे ते रत्नम्माला माहीत आहे. आपल्याला त्या कधी वाकडं बोलल्या नाहीत. पाकिटातलं मीठ, साबण, बिस्किट सगळ्यांना सारखंच देतात. पण आपल्या चुलीवरचं, आपल्या जात्यावरचं त्या आणि त्यांची गिऱ्हाइकं खातील का, हे मला माहीत नव्हतं. आणि विचारून बघायची माझी तेव्हा ऐपत नव्हती. विचारलं असतं आणि नाही म्हणाल्या असत्या तर त्या दिवशी रात्री फोडणी पडली नसती.

तुम्हाला गावात बसून रागावता येतं. तुमच्याकडं वावर आहे, ज्वारी आहे. इथं सगळं विकत आहे, पाणीसुद्धा. आता नाव सांगितलं तर गिऱ्हाइकं जातील, मग भरलेलं घर दोन महिन्यांत रिकामं. विशाखाची परीक्षा मार्चमध्ये आहे. तोवर तरी चालू द्या. मग मी स्वतः जाऊन सांगेन.

येऊ नका असं म्हणत होते ते ह्यासाठीच. तुम्ही दुकानात गेला असता तर नाव सांगितल्याशिवाय राहिला नसता.

मनिषा


सावळेवाडी
२ जुलै २०२४

मनिषा,

तुझं खरं वाचलं. बरं लिहिलंस. मार्चची गोष्ट मला मान्य न्हाई. मार्चला तू जूनचं सांगशील, पोरीचं कॉलेज म्हणशील. मला तुझी लबाडी आता वळखीची झालीय, त्या पंगतीतल्या वरणासारखी.

फोडणीचं लिहिलंस ते मी दोनदा वाचलं. पण मी तुझ्या जागी असते तर काय केलं असतं असं विचारू नको. मी तुझ्या जागी न्हाई.

रामकिशनकडं डबा पाठवायले. सरजाबाईच्या तुरीची डाळ हाय. एक गोष्ट बघ. आजवर तू डाळ पिशवीत वतून दुकानात न्यायचीस. कामून ते आता मला कळलं. आपल्या डब्यावर नाव हाय, लोह्याच्या भांडेवाल्यानं टाकलेलं, 'पारूबाई केरबा सोनकांबळे, सावळेवाडी'. तवा मला माझंच नाव वाचता येत न्हवतं, त्यानं वाचून दाखवलं. पिशवीला नाव नसतं.

हा डबा आहे तसा दुकानात न्यायचा. पिशवीत वतायचं न्हाई. डबा तिच्या समोर ठेवायचा आन नाव तिच्याकडं करायचं. तू काही बोलायची गरज न्हाई, तिला वाचता येत असंल. नेणार नसशील तर टेम्पो परत येताना डबा भरलेलाच पाठवून दे, मी काही म्हणणार न्हाई. पण मग पुन्हा माझ्याकडं डाळ मागायची न्हाई.

पारूबाई


लातूर
२० जुलै २०२४

ती. आत्याबाई,

जय भीम. डबा चार दिवस घरात ठेवला होता. पाचव्या दिवशी नेला.

दुकानात मास्तरांच्या बाई होत्या. ईश्वरप्पा, म्हणजे रत्नम्माचे मालक, आत पुड्या बांधत होते. मी डबा ठेवला. रत्नम्मांनी चष्मा लावला आणि मोठ्यानं वाचलं, पूर्ण. मग मला विचारलं, "डबा त्यांचा का? पाटलांकडं कामाला असतील."

आत्याबाई, मी फक्त मान हलवायची होती. त्यांनी वाटच करून दिली होती. मान हलवली असती तर तेल आलं असतं.

मी म्हणाले, "नाही मावशी. कामाला नाहीत. वावर त्यांचं, जातं त्यांचं, डाळ त्यांनी केलेली. माझ्या सासूबाई. दिवाळीपासून तुम्ही हीच डाळ खाताय. पाटलांचं नाव मीच लावलं होतं."

मास्तरांच्या बाई म्हणाल्या, "मला आज फक्त साखरच न्यायची होती," आणि साखर न घेताच गेल्या. आतल्या पुड्यांचा आवाज थांबला. रत्नम्मांनी चष्मा काढला. म्हणाल्या, "इतके महिने माझ्याशी खोटं बोललीस?" मी हो म्हणाले. म्हणाल्या, "ठेव तिथं. बघू." मी तेलाचं विचारलं, तर म्हणाल्या, "खपली की देते." आधी डबा दिला की लगेच द्यायच्या.

दोन दिवसांनी मीठ आणायला गेले. डबा तिथंच होता, फळीवर. नाव भिंतीकडं केलेलं होतं.

डॉक्टरच्या गल्लीतल्या एका बाईंनी निरोप पाठवला, डाळ बंद केलीय, ॲसिडिटी होते. दुसऱ्या घरचं अजून काही कळलं नाही. पावसाळ्याचं भरलेलं तेल आता थोडंच उरलंय. काल भाकरीबरोबर कोरडी चटणी केली. विशाखाला सगळं कळलंय. ह्यांना मी सगळं सांगितलं. तर म्हणाले, "आईला इकडं येऊ देऊ नको, दुकान पाडेल."

डबा परत आणू का? निदान आपण खाऊ.

मनिषा


सावळेवाडी
३ ऑगस्ट २०२४

मनिषा,

जय भीम. डबा परत आणायचा न्हाई. भाव कमी करून मागितला तर द्यायचा न्हाई. डाळ तीच हाय.

डबा फिरवला लिहिलंस. कुणी फिरवला ते बघितलंस का? न्हाई बघितलंस. दुकानवालीनं फिरवला असंल. तिच्या मालकानं फिरवला असंल, तो आत बसून सगळं ऐकत होता. झाडणाऱ्या बाईनं पुसताना फिरवला असंल. त्या ॲसिडिटीवालीनं येऊन फिरवला असंल, तिचा मला लई शक हाय. बघितल्याबिगर कुणावर ठपका ठेवू नको. पण बघायचं सोडू नको. रोज जा. घ्यायचं काही नसलं तरी जा, मीठ महाग झालं का विचार.

दुकानवाली 'खोटं बोललीस' म्हणली, ते ती बरोबर बोलली. डाळ फेकून देते असं काही ती म्हणली न्हाई, हेबी मी वाचलं. तिच्या मनात काय हाय ते मला मालूम न्हाई, तुलाबी न्हाई. तिलाबी नसंल अजून. तुझ्या खोट्याचं उत्तर तुझं तू तिला दे. त्यात मी पडणार न्हाई.

विन्याला सांग, मी दुकान पाडायला येत न्हाई. एष्टीचं भाडं कोण देतंय.

तेल पाठवायले. करडी घेतली आन घाण्यावरून काढून आणलं. कॅन उभा ठेव, झाकण ढिलं हाय. हे दुकानात न्यायचं न्हाई, हे फोडणीला. संपलं की सांग. कोरड्या चटणीवर पोरगी परीक्षेला बसवू नको, डोकं चालत न्हाई.

परवा मी नांदेडला गेले होते. भांड्याच्या दुकानात नवा डबा घेतला आन म्हणलं, नाव टाक. पोरानं एका बाजूला टाकलं. म्हणलं, इकडंबी टाक. टाकलं. म्हणलं, त्या बाजूलाबी. तो हात थांबवून म्हणला, "आजी, एकदा टाकलं की पुरतं." म्हणलं, तुझ्या गावात पुरत असंल. मग गोल डब्याला सगळीकडून टाकून घेतलं, आन झाकणावरबी. आडनावासकट.

त्यात डाळ भरून पाठवायले. एरंडेल चोळलंय, वरीसभर कीड लागत न्हाई, म्हणून मला घाई न्हाई. नेऊन त्याच फळीवर ठेव. आता कुणाला किती फिरवायचा तितका फिरवू दे.

पारूबाई